रिव्हर्स न लागणारा रस्ता

अट्रॅक्टा फीहिलीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आयर्लंडचा नकाशा पसरून आता बरेच दिवस झाले होते. जेवणाच्या बशाही त्याच्यावरच ठेवल्या जायच्या, त्यामुळे मेयो परगण्यावर लोण्याचा एक डाग पडला होता.

बेत दोघींचा होता, तिचा आणि शेजारच्या कार्मेल डर्कनचा. स्लायगोहून निघायचं, मेयो आणि कनेमाराच्या आडरस्त्यांनी रमतगमत जायचं आणि क्लेअरच्या किनाऱ्यावर पोचायचं. चहा बरा मिळेल तिथं थांबायचं, पलंग बरा दिसेल तिथं मुक्काम. कार्मेलला गाडी चालवता येत नव्हती, त्यात कंबरेचं ऑपरेशन झालेलं. तेव्हा चालवणार अट्रॅक्टा.

अडचण एकच होती. अट्रॅक्टा गाडी मागे घेत नसे.

तिचं अख्खं आयुष्य डावीकडच्या सीटवर गेलं होतं. नवरा मॅलकी गाडी चालवायचा, ती उतरून फाटकं उघडायची आणि गाडी आत गेली की लावायची. जायचं म्हणजे गुरांचा बाजार, चर्च आणि कुणाची तरी मयत. तिथूनही गाईंच्या धारेच्या वेळेला घरी परतायचं. नुसता सुंदर आहे म्हणून एखादा रस्ता धरलाय, असं कधी झालं नाही. मॅलकी गेला, गाई विकल्या आणि साठी उलटल्यावर ती गाडी शिकली. परीक्षा पहिल्याच खेपेला पास झाली. पण पुढच्याच आठवड्यात बोळकांडीसारख्या रस्त्यावर समोरून दुधाचा टँकर आला, ती मागे घ्यायला गेली आणि मागचं चाक चरात. ओढून काढायला शेजारचा ट्रॅक्टर आला. रविवारी चर्चबाहेर प्रत्येकाने गाडीची तब्येत विचारली.

तेव्हापासून ती फक्त पुढे जायची.

कार्मेल पेन्सिलने एकेक रस्ता आखायची आणि अट्रॅक्टा खोडरबर घ्यायची. "हा नको, अरुंद आहे."

"अगं, अरुंद म्हणूनच तर तिथून समुद्र दिसतो."

"आणि समोरून कोणी आलं तर?"

"तर हाय-हॅलो करू."

एका दुपारी शेवटचा आडरस्ताही खोडला गेला. कार्मेलने चष्मा पुसून नकाशा नीट पाहिला. "शाब्बास. हा थेट एक्स्प्रेस बसचा मार्ग झाला. बसमध्ये निदान ड्रायव्हरला घाम फुटत नाही."

"टोमणे मारू नकोस."

"टोमणा नाही, खरं सांगतेय. लॉऱ्यांची पाठ बघत क्लेअरला जायला मी येणार नाही, अट्रॅक्टा. तू एकटी जा."

एकटी ती जाणार नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. मग कार्मेल काठी शोधत उठली. "निदान तळ्यापर्यंत तरी ने. सोडाब्रेड घेतलाय मी, थर्मास भर."

तळ्याचा रस्ता डोंगराच्या कुशीतून जातो. दोन्ही बाजूंना फ्युशियाच्या लाल फुलांचं कुंपण आणि डांबराच्या मधोमध गवताची पट्टी. अर्ध्या वाटेवर, वळणाच्या पलीकडून ट्रॅक्टर आला. मागे गुरांच्या मुरघासासाठी कापलेल्या गवताची ट्रॉली, घराएवढी उंच. ट्रॉली मागे जाणं शक्य नव्हतं. आणि फाटकाजवळची रुंद जागा अट्रॅक्टाच्या मागे राहिली होती.

तिने करकचून ब्रेक दाबला. "कार्मेल, तू जाऊन सांग त्याला."

"काय सांगू? उडून जा म्हणून?"

ट्रॅक्टरवाला दांडगा, लाल कानांचा माणूस होता. त्याने हॉर्न वाजवला नाही. क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, इंजिन बंद केलं, खिशातून सँडविच काढलं आणि कागद सोडून शांतपणे खायला लागला. बघतही होता तो डोंगराकडे.

"आता याचं सँडविच संपेपर्यंत तरी वेळ आहे," कार्मेल म्हणाली. "मी डोळे मिटते."

अट्रॅक्टाने रिव्हर्स टाकला. पहिल्यांदा गाडीची शेपटी कुंपणात घुसली आणि फुलं काचेवर घासली. ती पुढे आली. दुसऱ्यांदा चराच्या काठावरची माती ढासळल्याचा आवाज आला. पुन्हा पुढे. मग तिला दिसलं, की घाबरून ती स्टिअरिंग दरवेळी गरजेपेक्षा जास्त फिरवतेय. तिसऱ्यांदा तिने ते बोटभरच हलवलं आणि क्लच इतका हळू सोडला, की गाडी चालतेय की रांगतेय कळेना. आरशात कुंपण, कुंपण, कुंपण, आणि मग एकदम मोकळं आभाळ. फाटक आलं होतं.

"उघडू का डोळे?"

"उघड."

ट्रॅक्टर शेजारी येऊन थांबला. "कुठे निघालात बाई?"

"तळ्यावर," कार्मेल म्हणाली.

"क्लेअरला," अट्रॅक्टा म्हणाली.

तो हसला. "या रस्त्याने? मग बरेच दिवस लागतील. माझ्यामागे अजून दोघं येतायत ट्रॉल्या घेऊन. पुढच्या पुलापाशी गाठ पडेल तुमची."

तो निघून गेला. अट्रॅक्टाचं पोलकं पाठीला चिकटलं होतं. कार्मेलने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "इथून गाडी वळवता येते हं. घरी जायचं असेल तर."

"पुलाच्या अलीकडे फाटक आहे का?"

"गिल्मार्टिनच्या शेताचं आहे. पण पुलापासून ते बऱ्यापैकी मागे पडतं."

अट्रॅक्टाने पहिला गिअर टाकला. "किती का असेना. मंगळवारी क्लेअरला निघू आपण."

"मंगळवारी मला कंबर दाखवायचीय."

"मग बुधवारी. आणि डोळे आता उघडेच ठेव, तुझ्या बाजूचा चर किती लांब आहे ते सांगत जा."