शाळेच्या दारातलं गुड मॉर्निंग

न्यू ऑर्लिन्सच्या सेव्हन्थ वॉर्डात माणूस दिसला की बोलायचं. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडणाऱ्याची धडगत नसते. ओळख असो नसो, ओट्यावर कुणी बसलेलं दिसलं की जाणाऱ्यानं गुड मॉर्निंग म्हणायचं. न म्हणणाऱ्याच्या आईचा उद्धार संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतो.

अर्लीन रोबिशो याच गल्लीत वाढलेली. सगळं शहर बुडवणाऱ्या त्या मोठ्या वादळाआधी ती इथल्या सरकारी शाळेत तिसरीला शिकवायची. वादळाचं पाणी वर्गांत शिरलं, आणि ते ओसरल्यावर वरच्यांनी सगळ्या शिक्षकांना एका फटक्यात घरी बसवलं. इमारत एका संस्थेकडे गेली. पैसा सरकारचा नि कारभार संस्थेचा, अशी ही चार्टर शाळा. अर्लीन इतकी चिडली होती की बरेच दिवस त्या रस्त्यानं जायचंही टाळायची. पण मुलांवाचून करमेना. शेवटी मानपान गुंडाळून ठेवला आणि वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी मदतनीस म्हणून ती त्याच इमारतीत परतली.

हेडमास्तर मिस्टर व्हिटकॉम्ब उत्तरेकडचे, तिशीही न गाठलेले. त्यांनी व्हरांड्यात निळा पट्टा मारून घेतला होता. दारातून आत आलं की मुलांनी त्या पट्ट्यावरून मुकाट चालायचं. बोललं की गुण कापले जायचे. आठवड्याचे गुण संपले की शुक्रवारी घरी. वाचलेला वेळ वाचनाला, असा त्यांचा हिशोब, आणि तो खोटा नव्हता. गावाच्या दुसऱ्या भागातल्या गोऱ्या मुलांच्या मानानं कायम मागे असलेली ही काळी पोरं खरंच धडाधड वाचू लागली होती. आपल्या वेळी कितीजण अडखळतच पाचवीत गेले, हे अर्लीन विसरली नव्हती. ते आठवलं की तिला आजही वाईट वाटायचं.

पण तोंडाची सवय कुठे जाते? रोज सकाळी ती दारात उभी राहून प्रत्येक पोराला गुड मॉर्निंग म्हणायची. बाकीची नुसती हसायची. सात वर्षांची जामायरा मात्र खणखणीत उत्तर द्यायची.

एका संध्याकाळी जामायराची आई नेकिशा अर्लीनच्या घरी आली. ती हॉटेलात खोल्या साफ करायची.

"मिस अर्लीन, तेवढं पोरीशी सकाळी बोलू नका हो. ती उत्तर देते नि तिचे गुण जातात. या शुक्रवारीही घरी ठेवावी लागली. मी आणखी सुट्टी घेतली तर ते मला कायमचीच सुट्टी देतील."

"गुड मॉर्निंग म्हटल्याबद्दल गुण?"

"त्याबद्दलच."

"मग तूच सांग ना तिला, गप्प राहा म्हणून."

"मी सांगू? तिसरीत मी गुड मॉर्निंग म्हटलं नाही म्हणून तुम्हीच मला वर्गाबाहेर उभं केलं होतंत!"

दोघी हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून जामायरा आली की ती भिंतीकडे बघू लागली. पोर दोन दिवस गोंधळली, मग तीही खाली मान घालून जाऊ लागली. तिचे शुक्रवार सुटले.

मग एका शनिवारी अर्लीन शेजारच्या मिस ओडेसाच्या ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. समोरून जामायरा आली. छातीशी पुस्तक, नजर खाली, फरसबंदीवरून सरळ रेषेत. दोघींच्या पुढ्यातून गेली आणि अवाक्षर बोलली नाही.

"कुणाचं गं हे कार्टं?" मिस ओडेसा कडाडली. "तोंड शिवलंय का? घरात काही वळण?"

"घरचं वळण चांगलं आहे," अर्लीन म्हणाली. "हे आम्ही शिकवलंय." तिला स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी ती व्हिटकॉम्बांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं.

"मिस रोबिशो, मुलं वाचायला लागली आहेत," ते शांतपणे म्हणाले.

"हो, म्हणून तर मी अजून इथे आहे. पण बाळा, ती शिकून मोठी होतील नि या गल्लीत परत येतील, तेव्हा त्यांना घरात घेणारी माणसं ओट्यावर बसलेली असतील. त्यांच्याशी न बोलणारं पोर इथे कुणाचंच नसतं."

व्हिटकॉम्ब उठून खिडकीशी गेले.

"दारापाशी," ते म्हणाले. "फक्त दारापाशी. पट्ट्यावर नाही. मी सगळ्यांना सांगतो."

त्यांनी खरंच प्रत्येक वर्गात जाऊन सांगितलं, आणि दुसऱ्या सकाळी स्वतः येऊन अर्लीनशेजारी उभे राहिले. रांग आली. अर्लीननं एकेकाला गुड मॉर्निंग म्हटलं. एकही पोर बोललं नाही. कुणी हेडमास्तरांकडे बघे, कुणी बुटांकडे. जामायरा समोर आली तेव्हा अर्लीन गुडघ्यावर बसली.

"गुड मॉर्निंग, जामायरा."

जामायरानं आधी व्हिटकॉम्बांकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं.

"मिस अर्लीन, किती गुण जातील?"

"एकही नाही, बाळा."

"आईला सुट्टी नाही ना घ्यावी लागणार?"

"नाही गं."

तेव्हा तिनं अर्लीनच्या कानाला तोंड लावलं, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं गुड मॉर्निंग म्हणाली.