दुसऱ्या कडव्यानंतर

आमच्या बँडमध्ये आम्ही चौघं. मी गायचे आणि शब्द लिहायचे. दिवसा तारापूरच्या एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी. गिटारवाला माझा शाळेपासूनचा मित्र, किनाऱ्याकडच्या चिकूच्या वाडीत वाढलेला. ड्रमरचे वडील उत्तरेतून बोईसरला कामाला आले आणि इथलेच झाले. तो आमच्याशी हिंदीत बोलायचा, आम्ही त्याच्याशी मराठीत, आणि कुणाचंच कधी काही अडलं नाही. बेस वाजवणारा पूर्वेच्या डोंगरपट्ट्यातल्या वारली घरातला. पालघरला वसतिगृहात राहून शिकलेला आणि बोलायला फार कमी.

गिटारवाल्याच्या काकांचा बेटेगावला एक गाळा होता. मशीनं विकून झाल्यावर तो रिकामाच पडला होता. आम्ही भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, शटरला आतून घोंगड्या लावल्या आणि त्याला स्टुडिओ म्हणायला लागलो. शुक्रवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी असते, म्हणून रेकॉर्डिंग शुक्रवारी. त्या दिवशी आसपासचे पत्रेसुद्धा गप्प असतात.

गाणं होतं ‘पुलाखाली भेट’. बोईसरच्या पुलाखाली एक मुलगी एका मुलाची वाट बघते, तो उशिरा येतो, ती रागावते आणि मग रागावत नाही. एवढंच. दुसऱ्या कडव्यानंतर आम्ही सगळे एकदम थांबायचो. चार मात्रा पूर्ण शांतता, मग ड्रम, आणि धृपद पुन्हा वर उसळायचं. ही कल्पना ड्रमरची.

दुपारी रेकॉर्डिंग संपलं आणि आम्ही ऐकायला बसलो. दुसरं कडवं झालं, थांबा आला, आणि त्या थांब्यात आवाज होता.

तो कानाला ऐकू येण्याआधी छातीत कळायचा. कुणीतरी जड लाकडी खाट फरशीवरून ओढत न्यावी तसा, पण ती फरशी आपल्या पायांच्या फार फार खाली असावी.

“ये क्या है?” ड्रमर म्हणाला.

रस्त्यावरून ट्रक गेला असेल, असं मला वाटलं. गिटारवाल्याने एकेक ट्रॅक वेगळा काढून ऐकवला. माझ्या माइकवर त्या जागी काही नव्हतं, माझा श्वास सोडला तर. ड्रमच्या माइकांवर काही नव्हतं. गिटार, बेस, दोन्ही कोरे. चारही एकत्र लावले की आवाज हजर.

“सूर एकमेकांत मिसळले की खाली एक वेगळाच सूर तयार होतो कधीकधी,” गिटारवाला म्हणाला.

“पर वहाँ तो कोई बजा ही नहीं रहा, भाई.”

बेसवाल्याने हेडफोन काढून ठेवले होते. तो उठला, शटर अर्धं वर केलं आणि वाकून बाहेर गेला. मी मागोमाग गेले, तर तो गाळ्यापासून लांब, मोकळ्या जागेत मधोमध उभा.

“बरं नाही वाटत का?” मी विचारलं.

“ट्रक नाय तो,” तो म्हणाला.

आम्ही आवाज तसाच ठेवला. कारण साधं होतं: गाणं त्याने चांगलं झालं होतं. त्या गुरगुरीनंतर धृपद आलं की कुणीतरी मानेवरचा हात काढून घेतल्यासारखं हलकं वाटायचं. मलाही वाटायचं, आणि गाणं माझंच होतं.

गाणं आम्ही गाण्यांच्या एका ॲपवर चढवलं. पहिले काही आठवडे ते फक्त नातेवाइकांनी ऐकलं. मग कोल्हापूरकडच्या एका मुलीने त्यावर छोटा व्हिडिओ केला. थांब्याच्या जागी ती हातात कपबशी घेऊन दगडासारखी उभी राहते, डोळे मोठे करते, आणि धृपद आलं की खदखदून हसते. तिचं बघून शेकडो जणांनी तसंच केलं. कुणी स्वयंपाकघरात, कुणी वर्गात, कुणी भर बाजारात दगड होऊन उभं राहिलं.

गाणं ॲपच्या मराठी यादीत अगदी तळाशी लागलं. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलं की मी आधी यादी उघडायचे. रोज थोडं वर. दहाच्या आत आलं तेव्हा लॅबमधल्या बायकांनी केक आणला आणि ॲसिडच्या कपाटाशेजारी कापायला नको म्हणून आम्ही तो जिन्यात उभं राहून खाल्ला. मग एका सोमवारी आम्ही पहिले होतो. मुंबईच्या एका म्युझिक कंपनीतून फोन आला, पुढची गाणी आमच्यासाठी करा म्हणून. गिटारवाल्याच्या वडिलांनी वाडीतले चिकू पेटीत भरून आम्हा तिघांच्या घरी पाठवले.

लोकांचे निरोप यायचे ते मी वाचायचे. बहुतेक सगळे त्या थांब्याबद्दल. कुणी लिहायचं, त्या जागी आमचा कुत्रा उठून अंगणात जातो. कुणी लिहायचं, बाळ झोपेतून जागं होतं पण रडत नाही, नुसतं वर बघतं. लातूरकडच्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘तुमचं गाणं लागलं की माझे बाबा काही न बोलता चपला घालतात.’ मला तेव्हा ते गमतीचं वाटलं. मी तिला हसण्याचं चित्र पाठवलं.

मग बेसवाल्याच्या चुलतभावाचं लग्न आलं. आम्हाला तिघांना आग्रहाचं बोलावणं होतं. मनोरवरून हायवे धरला आणि पुढे डोंगराकडे वळलो. दुपार कलत होती. दारात हिरव्या फांद्यांचा मांडव, एका बाजूला चुलीवर मोठी पातेली, दुसऱ्या बाजूला टेम्पोवर चढवलेला डीजे, माणसाच्या उंचीचे स्पीकर. बेसवाल्याची आई आम्हाला घ्यायला पुढे आली. बारीक अंगाची, पांढरे होत चाललेले केस घट्ट बांधलेली. तिने माझा हात धरून मला सावलीत बाकावर बसवलं आणि स्वतः पाणी आणून दिलं.

डीजेवाल्याला कळलं होतं की गाणं म्हणणारी आली आहे. मानाने त्याने आमचं गाणं लावलं. पहिल्या कडव्याला पोरं नाचली. मी लाजून जमिनीकडे बघत होते. दुसऱ्या कडव्यात माझ्या लक्षात आलं की आसपासचे पाय थांबले आहेत. थांबा अजून आला नव्हता. आधी म्हाताऱ्या बायका थांबल्या, मग पुरुष, मग पोरं.

थांबा आला. त्या स्पीकरांतून तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. बाकाखालून, पायांतून, दाढांतून.

कुणी ओरडलं नाही. कुणी धावलं नाही. प्रत्येकाने जवळचं पोर उचललं आणि सगळे चालत मांडवाबाहेर गेले. नवरा-नवरी हातात हात धरून गेले. चुलीपाशी बसलेल्या बाया डाव तसाच पातेल्यात सोडून गेल्या. डीजेवाला डहाणूचा होता, तोही टेम्पोवरून उतरून गेला. आणि धृपद उसळलं. रिकाम्या मांडवात, उलट्या पडलेल्या एका खुर्चीसमोर, माझाच आवाज हसत हसत गात होता, ‘ये ना, ये ना, उशीर झाला तरी ये.’ ड्रमर उठून गेला आणि त्याने ते बंद केलं.

सगळे समोरच्या शेतात उभे होते. घराकडे तोंड करून. बेसवालाही त्यांच्यातच होता. तो कधी गेला ते मला दिसलं नव्हतं. त्यांच्या उभं राहण्यात घबराट नव्हती. वाट बघणं होतं. एखादी गाडी यायची असते आणि सगळ्यांना माहीत असतं, तसं. किती तरी वेळ झाला. पातेल्यातला भात करपल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही.

मी बेसवाल्याच्या आईपाशी गेले. “मावशी, काय झालं?”

“बाय, तो आवाज तुमी कुठं भरला?”

“बेटेगावला. गाळ्यात. आम्ही नाही भरला, तो आपोआप आला.”

तिने मान हलवली. मग सांगितलं. मधली काही वर्षं त्यांच्या पट्ट्यात जमीन हलायची. बातम्यांत यायचं, आम्ही बोईसरला ते वाचायचो आणि कधीतरी पंखा हलला की एकमेकांना फोन करायचो. इथे भिंतींना चिरा गेल्या होत्या. लोक थंडीत ताडपत्रीखाली झोपत होते.

“आदी आवाज यायचा. मंग हलायचं,” ती म्हणाली. “आवाज आला का पोर उचलायचं नि भायेर. घर मागं. शिकवाय लागलं नाय कोनाला.”

“पण हा तर गाण्यातला आहे, मावशी.”

“तेच तं. ह्यात आवाज येतो नि मागून हलत नाय.” ती घराकडे बघत होती. “आवाज आला तं हललं पायजे. नाय हललं तं ते आत ऱ्हातं.”

जेवण त्या दिवशी शेतातच वाढलं. मांडवात परत कुणी गेलं नाही. परतताना हायवेवर मला त्या लातूरकडच्या बाबांच्या चपला आठवल्या आणि ती गंमत नव्हती हे कळलं. मी गाडीच्या काचेवर डोकं टेकून बसले. कुणीच रेडिओ लावला नाही.

पुढच्या शुक्रवारी आम्ही गाळ्यात जमलो. बेसवाला बाहेरच, पायरीवर बसला.

“तो आवाज काढून टाकू,” मी म्हणाले.

“गाणं पहिल्या नंबरवर आहे,” गिटारवाला म्हणाला. “लोक त्या आवाजासाठीच ऐकतात. आपल्याला पुन्हा कोण विचारणार आहे?”

तो वाईट माणूस नव्हता. आम्ही कितीतरी वर्षं लोकांच्या वाढदिवसांना, हॉटेलांच्या लॉनवर, कुणी ऐकत नसताना वाजवलं होतं. मलाही तो नंबर हवा होता.

शेवटी आम्ही दुसरी प्रत केली. थांब्याच्या जागी सगळं पुसून निव्वळ शांतता ठेवली आणि ती चढवली. लोकांना ती आवडली नाही. गाण्याचा जीव गेला, असं त्यांनी लिहिलं. गाणं पाचवर आलं, मग अकरावर. पण लग्नांत, हळदींत, बाजारात जुनीच प्रत वाजत होती. ती प्रत्येकाच्या पेनड्राइव्हवर होती आणि ॲपवरही. डीजेवाल्यांनी तो आवाज आणखी मोठा करून घेतला होता.

मग एक दिवस बेसवाला गिटारवाल्याच्या वाडीत एकटाच गेला. काय बोलणं झालं ते गिटारवाल्याने मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, “त्याने एवढंच सांगितलं, की आई पुन्हा भायेर झोपते. घर हाय, पण आत येत नाय.” दोन-तीन दिवसांनी गिटारवाल्याने स्वतःच गाण्याच्या दोन्ही प्रती उतरवल्या. मुंबईच्या कंपनीला आम्ही नकार कळवला. यादीत आमच्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी गाणं सरकलं, आणि आठवडाभरात लोक त्यावर नाचायला लागले. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे फार सोपं होतं, आणि मी त्यामुळे काही दिवस कुणाशी नीट बोलले नाही.

थंडीत मी बेसवाल्याबरोबर त्याच्या घरी गेले. भात झोडून झाला होता, अंगण शेणाने सारवलेलं होतं. त्याची आई दाराशेजारचा कोनाडा पुसत होती. चहा झाला. मग ती माझ्याशेजारी येऊन बसली.

“बाय, त्या गान्यात पुढं काय हाय?”

मला आधी कळलं नाही.

“आवाज येतो, आमी भायेर जातो. पुढचं कदी ऐकलंच नाय कोनी हितं. पोरगा माजा वाजवतो त्यात, नि मी आर्धंच ऐकलंय.”

मी बेसवाल्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मी सकाळच्या उन्हात, काही वाद्य नसताना, गायला सुरुवात केली. शेजारच्या दोन घरांतल्या बाया येऊन कुडाशी उभ्या राहिल्या. मी ठरवलं होतं की दुसऱ्या कडव्यानंतर थांबायचंच नाही, थेट धृपद उचलायचं. पण गळ्याला सवय होती. मी थांबले.

अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांनी माना वर केल्या. कानाला काही आलं नाही. दाराशी पाण्याने भरलेला हंडा होता, त्याच्या पाण्यावर मधून काठाकडे एक गोल सरकला. मग त्याच्या मागे दुसरा. वारा अजिबात नव्हता. कुडाशी उभ्या असलेल्या बायांपैकी एकीने पाऊल मागे घेतलं.

मावशीनेही ते पाणी पाहिलं होतं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात जड होता.

“गा,” ती म्हणाली.

मी धृपद म्हटलं. माझा आवाज सुरुवातीला फाटला, मग जागेवर आला. मी शेवटपर्यंत गायले, ती मुलगी रागवायची थांबते तिथपर्यंत. कुणी अंगणाबाहेर गेलं नाही. मावशी डोळे मिटून ऐकत होती.

“म्हंजे येतो तो,” गाणं संपल्यावर ती म्हणाली.

“येतो, मावशी. उशिरा.”

“बरं हाय.” ती उठली, हंडा कमरेवर घेतला, कडेच्या आंब्याच्या मुळाशी सगळं पाणी ओतून दिलं आणि विहिरीकडे निघाली. बेसवाला तिच्या मागे गेला. मी कोंबड्यांकडे बघत बसले. त्या पुन्हा दाणे टिपायला लागल्या होत्या.

आम्ही अजून वाजवतो. कुठल्याच यादीत नसतो. नवीन गाण्यांत थांबे असतात, पण ड्रमर ते हलक्या काठीने भरून टाकतो.