हरेश्वरच्या पडवीतलं बॉनेट

“अरे ओढा ना! जेवून आलात का उपाशी? बाळ्या, तू नुसता हात लावून उभा हायस, मला दिसतंय!”

हरेश्वर ओरडत होता. डॉक्टरांच्या अँबॅसेडरच्या बंपरवर त्याने एक पाय रोवला होता, धोतरासारखी खोचलेली लुंगी गुडघ्यांच्या वर गेली होती, आणि आम्ही चौघे जण गाडीच्या बॉनेटवर चिकटून बसलेला फायबरचा साचा उपटायला बघत होतो. साचा हलेना. उलट गाडीच उचलली जायला लागली. पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून चांगली वीतभर वर आली होती, मी शपथेवर सांगतो. हरेश्वर नेहमी म्हणायचा, वीतभर नाय रे, बोटभर. आता तो नाही, तेव्हा वीतभरच धरा.

काही आठवड्यांपूर्वी त्याचा पुतण्या कुंभवलीहून सायकल मारत माझ्याकडे आला आणि दारातूनच म्हणाला, “काका गेले. सकाळी. चहा प्यायले आणि गेले.” मी विचारलं, “चहा सगळा प्यायला?” असं का विचारलं, देव जाणे. तो म्हणाला, “हो, सगळा.” आणि त्या क्षणी मला हा बंपरवर पाय ठेवून ओरडणारा माणूस दिसला... तिरडी, नातेवाईक, रडारड, ते सगळं त्यानंतर.

हरेश्वर राऊत म्हणजे कुंभवलीतला आमचा हऱ्या. तारापूरच्या वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात आम्ही एकाच पाळीला होतो. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. एकीकडून समुद्राची खारी हवा आणि दुसरीकडून कारखान्यांचा वास, अशा दोन सासवांच्या मधे आमचं बोईसर नांदत होतं, आणि पत्र्याची वस्तू तिथे टिकत नव्हती. माझी सायकल एका पावसाळ्यात इतकी गंजली की एक दिवस मी पुढे गेलो आणि सीट मागे राहिली. मोटारींचं तर विचारूच नका. मडगार्डं चाळणीसारखी होत. पालघरच्या एका वकिलांच्या गाडीतून पाय खाली टेकत असे आणि ते सिग्नलला पायानेच थांबत, असं लोक सांगत. पालघरला तेव्हा सिग्नल नव्हता, पण गोष्ट खरी आहे.

कारखान्यात अॅसिडच्या टाक्यांना आतून काचेचं कापड आणि रेझिनचा चिकट रस लावून फायबरचं अस्तर करायला एक मिस्त्री यायचा, गोरखपूरकडचा. हरेश्वर जेवणाच्या सुट्टीत डबा हातात घेऊन त्याच्यामागे फिरायचा. मिस्त्री एकदा त्याला म्हणाला, “जिस चीज को तेजाब नहीं खाता भैया, उसको समंदर क्या खाएगा!” बस्स. त्या वाक्याने हरेश्वरचा संसार फिरला. दुसऱ्या वर्षी त्याने पाळी सोडली आणि घराच्या मागच्या पडवीत मोटारींची फायबरची मडगार्डं करायला सुरुवात केली. का सोडलीस, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, “पत्रा खातंय, सायकल खातंय, मला काय सोडणार हाय? मला आता मोगऱ्याचा वास येत नाय, बाळ्या.” हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं, जसं कोणी सांगावं की चप्पल तुटली.

पण वास सुटला तो त्याच्या बायकोच्या, प्रमिलावहिनींच्या घरात. रेझिनचा वास बोंबलाच्या कालवणात उतरला. काचेच्या कापडाचे बारीक तुसे चादरीत, टॉवेलात, भाकरीच्या पिठात. सत्यनारायणाला आलेले गुरुजी पहिल्या अध्यायाला मान खाजवायला लागले, आणि पाचव्या अध्यायापर्यंत सगळं गाव खाजवत होतं. आरती टाळ्यांशिवायच झाली, कारण कोणाचे हात मोकळे नव्हते. एकदा हरेश्वरने बादलीत हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करायचं औषध, जास्त ओतलं. रेझिन एवढं तापलं की बादलीतून धूर निघाला आणि वहिनींचा आमटीचा डाव, जो त्याने ढवळायला घेतला होता, त्यात उभाच्या उभा गोठला. वहिनींनी ती बादली डावासकट अंगणात मांडून ठेवली. आल्या-गेल्याला दाखवायच्या: “ही बघा आमच्या घरची कमाई.”

हसण्यावारी न्यायचं हे प्रकरण नव्हतं. कायमची नोकरी सोडलेला नवरा, आणि पडवीत खाज सुटणारा कारखाना. वहिनींच्या माहेरची माणसं येऊन दोनदा बोलून गेली होती. फोरमन भला माणूस, त्याने हरेश्वरची जागा दिवाळीपर्यंत धरून ठेवली होती. त्या दसऱ्याच्या आधी वहिनींनी माझ्यादेखत हरेश्वरला सांगितलं, “डॉक्टरांची गाडी तुमच्याकडं आलीय ना, पहिलीच? ती नीट झाली तर मी पुन्ना तोंडातून शब्द काढणार नाय. बिघडली तर दिवाळीआधी पाळीवर जायचं. भावजी, तुमी साक्षीला.” मी मान हलवली. साक्षीदाराला दुसरं काय करता येतं?

आता गाडीचं सांगतो. डॉक्टर पालघरचे, पण त्यांचे पेशंट पार वैतरणेपासून तारापूरपर्यंत पसरलेले, आणि ही आकाशी अँबॅसेडर म्हणजे या पट्ट्यातला चालता दवाखाना. बॉनेट गंजून कडेने कुरतडल्यासारखं झालं होतं. हरेश्वर त्याच्यावरून साचा घेणार होता आणि साच्यातून नवं फायबरचं बॉनेट काढणार होता. साचा घ्यायचा म्हणजे मूळ पत्र्यावर आधी मेणाचं पॉलिश घासायचं, वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं, पार आरशासारखं. मग त्याच्यावर रेझिन आणि काचेचं कापड. मेण असलं की साचा सुटून येतो. नसलं की पत्रा आणि फायबर एकजीव. बिजागऱ्यांचे बोल्ट गंजून इतके गच्च झाले होते की बॉनेट काढता येईना, म्हणून गाडीवरच काम करायचं ठरलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्याने संध्याकाळपर्यंत पॉलिश घासलं. मी समोर बसून शेंगा खात होतो, त्यामुळे मला पक्कं माहीत आहे. त्या बॉनेटमध्ये बघून मी भांग पाडला.

खंडेनवमीला सकाळी तो हार्डनर आणायला पालघरला गेला. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं आणि गाड्या पूजतात. घरात गाडी उभी असताना ती न पूजता ठेवायची, हे कोणाच्या मनातही येणार नाही, मग ती दुसऱ्याची का असेना. हरेश्वर परत आला तर अँबॅसेडर धुऊन लखलखीत, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ.

“धुतलीस?” त्याने वहिनींना विचारलं.

“मग पारोश्या गाडीची पूजा करतात का?”

हरेश्वरने बोट फिरवून बघितलं, थोडा घुटमळला. पाण्याने मेण जात नाही, हे त्याला माहीत होतं. स्वस्तिक पुसायला मन झालं नाही. “राहू दे, साच्याला देव लागला,” म्हणाला आणि दुपारी रेझिन लावलं.

पुढचं तुम्ही वाचलंच आहे. दसऱ्याच्या दिवशी, सगळं गाव आपट्याची पानं वाटत फिरत असताना, आम्ही चौघे त्या साच्याशी झुंजत होतो. रेझिन फटीत उतरून बॉनेट आणि दोन्ही मडगार्डं एकमेकांना धरून बसली होती. बॉनेट उघडेना, रेडिएटरला पाणी घालता येईना. येणारा प्रत्येक जण आम्हाला सोनं द्यायचा आणि सल्लाही. “गरम पाणी ओता.” “नारळ फोडा.” एका म्हाताऱ्याने तर गाडीच्या कानात काहीतरी सांगितलं.

शेवटी डॉक्टर आले. हरेश्वर बंपरवरून खाली उतरला, लुंगी सोडली आणि म्हणाला, “पॉलिश मारायचं विसरलो, डॉक्टर. माझी चूक.”

मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी ते परत मिटलं. वहिनी पडवीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या, हाताची घडी घालून.

डॉक्टरांनी बॉनेटवर टिचकी मारून बघितली. “कापा,” म्हणाले. करवतीच्या पात्याने कडा कापल्या, छिन्नीने बिजागऱ्या तोडल्या, आणि साचा बॉनेटच्या पत्र्यासकट निघून आला. डॉक्टर तशाच उघड्या इंजिनाची गाडी घेऊन गेले. जाताना एवढंच म्हणाले, “पाणी घालायला बरं पडेल.”

त्या संध्याकाळी हरेश्वरने हात धुतले आणि वहिनींना सांगितलं, “फोरमनला उद्या भेटतो.”

मला वाटलं, जिंकल्या. पण वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “आधी त्या माणसाचं बॉनेट द्या. लोकांना औषध द्यायला उघडं इंजिन घेऊन फिरतोय तो.”

तर मग हरेश्वरने पट्ट्या ठोकून, वर प्लास्टर चढवून, डोळ्यांच्या अंदाजाने अँबॅसेडरच्या बॉनेटचा नमुना घडवला, त्यावरून नवा साचा काढायचा म्हणून. तळहाताने चाचपायचा, डोळे मिटून, जसं आंधळ्याने नातवाचं तोंड चाचपावं. मी रोज जायचो, रोज चूक काढायचो, तो रोज शिवी द्यायचा. साच्याला पॉलिश लावायच्या दिवशी गेलो तर फडकं वहिनींच्या हातात होतं आणि हरेश्वर बाजूला बसून विडी ओढत होता. मी भुवया वर केल्या. हरेश्वरने विडीचं बंडल माझ्याकडे सरकवलं. त्यातून निघालेलं नवं बॉनेट फणसाच्या गऱ्यासारखं सुटलं. असा ‘टप्’ आवाज झाला की कुंभवलीतली कुत्री भुंकली. दिवाळी आली, गेली. फोरमनचं नाव घरात निघालं नाही.

नंतरची वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती भराभरच गेली. जीपची टपं, रिक्षांची मडगार्डं, बंपर, लग्नाच्या बँडवाल्यांच्या गाडीला मोराचं तोंड. हरेश्वरचं एक मडगार्ड चिल्हारच्या रस्त्यावर निखळून पडलं आणि त्यावरून ट्रक गेला; मडगार्ड परत बसवलं, ट्रक गॅरेजला गेला. माणूस मात्र बदलला नाही. काम सुरू असताना ओरडायचा, काम झालं की गप्प. आणि कोणी नवं गिऱ्हाईक विचारायला आलं की आपणहून सांगायचा, “पहिल्याच गाडीला मी पॉलिश विसरलो होतो.” आयुष्यभर हे त्याने सांगितलं... इतक्यांदा, की मलाच कधी कधी वाटायचं, त्या दिवशी मी शेंगा भलतीकडेच खात होतो.

मागच्या रविवारी मी कुंभवलीला गेलो. पडवीत वहिनी एका जीपच्या मडगार्डाच्या साच्याला पॉलिश घासत होत्या. काम हरेश्वरने घेतलेलं, राहिलेलं. पुतण्या रेझिन लावणार आहे. पडवीला तोच वास होता. मी बाकावर बसलो, पाणी प्यायलो, इकडचं तिकडचं बोललो. मग म्हटलं, “वहिनी, एक विचारू? त्या खंडेनवमीला गाडी नुसत्या पाण्यानं धुतली होती?”

“रॉकेलनं पुसली. मग साबणानं धुतली.”

“मेण जावं म्हणून?”

“मग काय गाडी गोरी व्हावी म्हणून?”

मी रिकामा पेला बाकावर ठेवला. त्या घासत होत्या, एकाच लयीत, गोल गोल.

“त्याला माहीत होतं?” मी विचारलं.

वहिनींनी फडकं उलटं केलं.

“दुसऱ्या साच्याच्या वेळी पॉलिशचा डबा त्यांनीच माझ्या हातात दिला,” त्या म्हणाल्या.