रिकामी गव्हाण

पिंपरीच्या कारखान्यात मी बाहेरून आलेला माल तपासायचो. आमच्या फाटकावर नगरकडचा एक ख्रिस्ती वॉचमन होता. चार वर्षं त्याला रोज पाहिलं, पण नाव कधी विचारलं नाही. सायकलवरून उतरल्याशिवाय तो कुणालाच आत सोडत नसे. स्वतःची सायकलही हातात धरूनच आणायचा.

डिसेंबर लागला की तो केबिनच्या खिडकीत खोक्याच्या फळ्यांचा छोटा गोठा मांडायचा. मातीची मरिया, योसेफ, एक गाय, दोन मेंढरं. मधली गव्हाण मात्र रिकामी. तिच्यातलं गवत तो रोज बदलायचा.

एका वर्षी मी सवयीनं सगळं मोजलं आणि म्हणालो, "एक नग कमी आहे. बाळ येशू कुठंय?"

"कमी न्हाई, साहेब. तो अजून जन्मायचाय. पंचवीस तारखेला ठेवायचा."

"मग गवत आत्तापासून कशाला बदलता?"

गेटपास विसरून आलेल्या माणसाकडं बघावं तसं त्यानं माझ्याकडं बघितलं. "यायचाय म्हटल्यावर जागा तयार नको?"

मी सायकल हातात धरून आत गेलो.

आमचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. तेव्हाचा पाळणा मी पोत्यात बांधून माळ्यावर टाकला होता. आता बायकोला पुन्हा सातवा महिना होता, आणि पाळण्याचा विषय घरात कुणी काढत नव्हतं. त्या संध्याकाळी मी तो खाली काढला.

"अजून दोन महिने आहेत," बायको म्हणाली.

"माहितीये. पुसून ठेवतो."

ती आत गेली आणि दुसरं फडकं घेऊन आली.