ड्रायव्हरभाऊंची मान

मी ऊर्जानगरला शाळेत शिकवायचे तेव्हा वीज कंपनीच्या बसचे ड्रायव्हरभाऊ मला मानेवरूनच ठाऊक होते. बायकांची बाकं त्यांच्या अगदी मागे, आणि त्यांच्या कॉलरच्या वर सुपारीएवढी गाठ. ती फुगली की ते घरी दाबून रिकामी करायचे आणि काही दिवसांत ती पुन्हा भरायची.

बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या नर्सबाई चिडायच्या, "दाबू नका भाऊ! साधीच गाठ आहे, पण आतली पिशवी काढल्याशिवाय परत येणारच."

"चाकूचं भेव वाटते ना बाई," म्हणत ते हॉर्न वाजवायचे, समोर रस्ता रिकामा असला तरी.

एकदा गाठ पिकून ताप आला. ती निवल्यावर त्यांनी मुकाट्यानं पिशवीसकट काढून घेतली. मग रोज गाडी सुरू करण्याआधी मान झुकवून मला विचारायचे, "पाहा बरं बाई, परत आली काय?"

"नाही आली," मी म्हणायचे. मगच बस हलायची.

पुढे माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी चंद्रपूरच्या बाजारात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नमस्कार केला. चेहऱ्यावरून मला ओळख पटेना. ते हसले, पाठ फिरवली, कॉलर खाली ओढली आणि मान झुकवली.

"नाही आली, भाऊ," मी म्हणाले.