टॉवेलाखाली घेतलेली रॅम

जगातली कुठलीही वस्तू हुंगल्याशिवाय विकत घेऊ नये, असं मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आक्काचा नवरा आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. दाजींची उभी हयात निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेली. स्वतः तंबाखूचा कण कधी तोंडात टाकला नाही, पण हुंगून माल ओळखायची सवय वखार सुटल्यावरही सुटली नाही. ते छत्री हुंगतात, चपला हुंगतात, बँकेतून मिळालेल्या नव्या नोटासुद्धा हुंगतात. भाचीसाठी स्थळ बघायला गेलो, तेव्हा मुलाच्या घरी सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांनी उशीला नाक लावलं. बाहेर आल्यावर निकाल दिला, "माणसं चांगली हायत. पर घरात वल हाय." हे ते आपल्या मते हळू बोलले. वखारीत हमालांना हाका मारून कमावलेला तो आवाज, निपाणीत कुजबुजले तरी कोगनोळीच्या नाक्यावरचे ट्रक थांबावेत असा. आत मुलाच्या आईने सगळं ऐकलं. तरीही लग्न झालं आणि भाची सुखात आहे.

खरेदीचीही त्यांची स्वतःची रीत आहे. दुकानदार मराठी असला की ते कन्नडमध्ये घासाघीस करतात आणि कन्नड असला की मराठीत. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "परक्या भाषेत न्हाय म्हणाया माणूस अवघडतंय रं." शेवटचा भाव मात्र तोंडाने कधी बोलत नाहीत. खांद्यावरचा टॉवेल समोरच्याच्या हातावर टाकायचा, खाली भाव असेल तितकी त्याची बोटं दाबायची आणि त्याने उलट दाबली की सौदा पक्का. वखारीत तसंच चालायचं. आज कुणाला ती बोटं कळत नाहीत, हे त्यांच्या गावीही नसतं. आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली तर त्यांना बघताच दोन्ही हात पाठीमागे घेते.

आणखी एक गोष्ट म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवण. आम्हा बाकीच्या जैनांनी त्यात सोयीने सवलती घेतल्या, दाजींनी एकही घेतली नाही. सूर्य बुडाला की त्यांचं तोंड बंद. दुर्दैवाने फक्त जेवणासाठी.

मी अनगोळात कॉम्प्युटरवर लग्नाच्या निमंत्रणपत्रिका तयार करून देतो. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, वर पार्श्वनाथ किंवा गणपती, ज्याचं त्याचं दैवत. माझी सगळी अक्षरं, वेलबुट्ट्या आणि गिऱ्हाइकांची कामं एका जुन्या डेस्कटॉपमध्ये होती. त्याची नक्कल कुठेच नव्हती, आणि नवा कॉम्प्युटर घ्यायची माझी ऐपतही नव्हती. ऐन लग्नसराईत एके दिवशी पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला. उचगावचे एक वधूपिता दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रिका न्यायला येणार होते. पत्रिका डिस्कमध्ये अडकलेली. डिस्क गेली असेल तर धंदाच गेला, हे मला ठाऊक होतं. मी आक्काला फोन केला आणि लहान मुलासारखा रडलो. दुपारच्या आत दाजी दारात हजर, खांद्यावर टॉवेल, हातात कापडी पिशवी.

"चल. हुंगून घिऊ," म्हणाले.

रॅम गेली असावी, असं शेजारच्याने सांगितलं होतं. म्हणून आम्ही जुने सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार तिशीचा, घरचा कन्नड, म्हणून दाजी मराठीत सुरू झाले. एकेक रॅम नाकाशी धरून त्यांनी बाजूला टाकली. "ही जळकी. ही कपाटात पडून कुबाट झालीया." शेवटी एक पसंत पडली. टॉवेल पडला, बोटं दाबली गेली. दुकानदार घाबरला, पण वडीलधाऱ्या माणसाचा हात झिडकारायचा कसा, म्हणून त्यानेही जरा दाबला. "झालं!" दाजी गरजले.

घरी आलो तर रॅमची खाच भलत्याच जागी. ती आमच्या कॉम्प्युटरच्या बोर्डात बसेचना. आम्ही सगळा डबाच उचलून रिक्षाने परत दुकानात नेला.

"त्यात काय आप्पा, बदलून देतो की," दुकानदार म्हणाला.

दाजींचा चेहरा पडला. "टावेलाखाली ठरलेला माल परत करत न्हाईत. शबुद दिलाय."

"मला कुठं काय म्हाईत? तुम्ही हात धरलासा, मी धरलो."

"रॅम न्हाय बदलायची. बोर्ड बदला!"

शर्टाला बटण जुळेना म्हणून दाजींनी शर्टच बदलायला काढला होता. मी कपाळावर हात मारला. दुकानदार मात्र हसत उठला. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतला बोर्ड त्याच्याकडे होता, त्या रॅमला चालणारा आणि स्वस्तातला. आमचा बोर्ड काढून त्याने उजेडात धरला आणि म्हणाला, "हे बघा, ह्या बारक्या डब्या फुगल्यात. बोर्डच गेलाय. दुसरी रॅम घातली असतासा तर तीबी वाया." दाजींनी त्या बोर्डाचा वास घेतला आणि जणू आपल्याला आधीच ठाऊक होतं अशी मान हलवली.

पण खरी धास्ती डिस्कची होती. पहिल्यांदा पडदा निळा झाला आणि थांबला. दुकानदार वायरी काढून पुन्हा लावत राहिला, मी मनात णमोकार मंत्र म्हणत राहिलो आणि दाजी स्टुलावर बसून पडद्याकडे बघत राहिले. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा कुठे पडदा उजळला, आणि त्यावर उचगावच्या वधूचं नाव आलं, मराठीत आणि खाली कन्नडमध्ये. इतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

निपाणीच्या गाडीत त्यांना बसवताना मी त्यांची पिशवी उचलली, तर ती जड लागली. आत आक्काने दिलेला जेवणाचा डबा तसाच भरलेला होता.

"दाजी, तुम्ही जेवलाच नाहीत?"

"मशीन चालू हुतंय का न्हाय ते बघत बसलो. दिवस कवा मावळला, कळलंच न्हाय."

उभ्या जन्मात ज्यांचा सूर्य कधी चुकला नाही, त्यांचा माझ्या डबड्यापायी चुकला होता. आता सकाळपर्यंत त्यांच्या पोटात काही जाणार नव्हतं. गाडी सुरू झाली तशी त्यांनी खिडकीतून टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि खाली माझी बोटं दाबली. ती भाषा मला येत नाही. मी त्यांचा अख्खा पंजाच माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

दाजी सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात हसले. "येडा का काय रं! एवढा भाव कुणी देतंय व्हय?"

गाडी हलली तरी मला तो हात सोडवेना.