हळदकुंकू लावलेला स्टार्टर

आमच्या जुन्या ट्रॅक्टरला नवा स्टार्टर बसवला. आईने त्याला कौतुकाने हळदकुंकू लावलं. चावी फिरवली, तर नुसतं ‘टक्’ झालं. मग बाबूमिस्त्रीने आणि मी बॅटरी तपासली, वायरी घासल्या, चावीचा स्विचही उघडून पाहिला. संशय सगळा जुन्यावरच. नव्या वस्तूवर आपण किती डोळे मिटून विश्वास टाकतो!

दुपारी कंटाळून मिस्त्रीने स्टार्टर उतरवून थेट बॅटरीला जोडला. तो फिरलाच नाही.

"खोट यातच आहे," मिस्त्री म्हणाला.

आई त्यावरचं कुंकू बघत राहिली. "मी नवी सून होऊन आले, तेव्हा ओल्या लाकडांनी चूल धुमसली तरी बोल मलाच लागायचा. याला निदान दुपारपर्यंत कुणी काही बोललं नाही."